वर आल्यावर

“पाण्याखाली एकच गोष्ट लक्षात ठेवायची,” लीलाधर केळुसकर म्हणाले. “श्वास रोखायचा नाही. काहीही झालं तरी. बाकीचं सगळं विसरलात तरी मी आहे.”

तारकर्लीजवळच्या एका हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात आम्ही चौघं छातीभर पाण्यात उभे होतो. पाठीवर हवेच्या टाक्या, डोळ्यांवर काचेचे मास्क. शनिवारी तलावात शिकायचं आणि रविवारी समुद्रात दोनदा उतरायचं, असा तो दोन दिवसांचा वर्ग होता. लीलाधर आमचे शिक्षक. मालवणचेच, पन्नाशीच्या आसपासचे, हळू बोलणारे.

चौघांत मी एकटीच पाण्याला भिणारी. विश्वजित, ज्याच्याशी माझं लग्न माघात ठरलं होतं, तो तर राज्य पातळीवर पोहलेला. कोल्हापुरात मुलांच्या पोहण्याच्या बॅचेस घ्यायचा. केतकी माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि निनाद तिचा नवरा. दोघं पोहण्यात बेताचे, पण उत्साह दांडगा. हा बेत केतकीनंच आखला होता. “लग्नाआधीची शेवटची ट्रिप, हेमांगी,” असं तिनं म्हटल्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं आणि नाकानं जोरात फुंकून ते बाहेर काढायचं, हा पहिला धडा. मी प्रत्येक वेळी ठसकत वर यायची.

“ही रंकाळ्यावरसुद्धा कठड्यापासून चार हात लांब उभी राहते,” विश्वजित हसत म्हणाला. मग जवळ आला, माझा मास्क स्वतः सैल करून परत बसवला, कपाळावरची बट बाजूला केली. “घाई नको करूस. मी आहे ना बाजूला.”

तो असाच होता. माणसांना आवडायचा. मलाही.

त्याचा स्वतःचा मास्कचा धडा एका झटक्यात झाला. लीलाधर मात्र त्याच्याकडे बघत राहिले.

“तुम्ही श्वास रोखून केलंत.”

“झालं ना पण?”

“झालं. पण पोहणाऱ्यांना श्वास रोखायची सवय असते. ती इथं मोडायला लागते. परत करा.”

विश्वजितनं परत केलं. या वेळी बुडबुडे सोडत, जरा वैतागून. मी संध्याकाळपर्यंत तेवढं एकच करत बसले. पाणी भरायचं, काढायचं. शेवटी जमलं. जमलं म्हणजे भीती गेली नाही. भीती असतानाही हात आपलं काम करायला लागले.

रविवारी सकाळी होडीनं निघालो. किनारा लहान होत गेला तशी मी होडीची कड घट्ट धरून बसले. लीलाधरांचा भाऊ होडी चालवत होता, तो वरच थांबणार होता. लीलाधरांनी जोड्या लावून दिल्या : केतकी आणि निनाद, मी आणि विश्वजित. जोडीदारानं जोडीदाराला सोडायचं नाही.

“प्रत्येकाच्या छातीवर ही पिवळी नळी आहे,” त्यांनी पुन्हा दाखवलं. “तोंडातली काळी नळी आपली. पिवळी जोडीदारासाठी. त्याची हवा संपली, काही बिघडलं, तर त्याला ही द्यायची. म्हणजे एका टाकीवर दोघं वर येतात. कळलं?”

आम्ही माना डोलावल्या.

नांगराच्या दोरीला धरून एकामागून एक उतरलो. पहिले काही श्वास मी मोजून घेतले. मग कानात दडे बसायला लागले, मी नाक दाबून ते मोकळे केले. कानाचं माझ्या ओळखीचंच होतं; मी दवाखान्यात कानांचीच तपासणी करायची, ऐकू न येणाऱ्या मुलांची. खाली पोचलो तेव्हा वाळूवर हिरवट उजेड होता आणि दोन-तीन दगडांभोवती पिवळे मासे फिरत होते. त्यांच्याकडे बघताना माझं भिणं क्षणभर मागं पडलं. विश्वजितनं माझा हात दाबला.

तेवढ्यात निनाद कानाकडे बोट दाखवून हातवारे करायला लागला. त्याचा कान दुखत होता. लीलाधरांनी त्याच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे वळून हातानं सांगितलं : तुम्ही दोघं इथंच. दोरी धरून बसा. हलू नका. आणि ते निनाद-केतकीला घेऊन दोरीनं थोडं वर गेले. वरचं पाणी गढूळ होतं. बघता बघता तिघांचे पाय दिसेनासे झाले.

आम्ही वाळूवर गुडघे टेकून बसलो. फक्त स्वतःच्याच श्वासाचा आवाज.

विश्वजितनं मास्कला हात लावला. बहुतेक थोडं पाणी गेलं असावं. त्यानं तो जरासा उचलला, फुंकायला म्हणून, आणि पाणी भसकन आत भरलं. डोळ्यांपर्यंत. मी बघत होते. आता फुंकेल, आता फुंकेल. त्यानं फुंकलं नाही. नाकातनं श्वास घेतला.

पुढचं सगळं फार पटकन झालं. तो ठसकला, तोंडातली नळी बाहेर पडली. पाण्यात ठसकणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. त्याचं सगळं अंग आखडलं. मी माझी पिवळी नळी चाचपडत होते, त्याला द्यायला. ती हाताला लागायच्या आत त्यानं माझ्या तोंडातली नळी धरली आणि ओढली.

नळी दातांत धरलेली असते. ओठ फाटला. तोंडात खारट पाणी आणि रक्त एकदम आलं.

त्यानं ती स्वतःच्या तोंडात खुपसली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. माझ्या छातीत हवा नव्हती, मी नुकताच श्वास सोडला होता. डोळ्यांसमोर काळे ठिपके आले. मला एवढंच आठवतं की मी त्याच्याकडे हात केला नाही. खाली छातीकडे केला. पिवळी नळी हाताला लागली. ती तोंडात धरून तिच्यावरचं बटण दाबलं, पाणी बाहेर फेकलं गेलं आणि हवा आली.

आता आम्ही दोघं माझ्याच टाकीवर होतो, आणि त्यानं वरच्या दिशेनं पाय मारायला सुरुवात केली होती.

तसं वर जाणं म्हणजे काय, ते लीलाधरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. श्वास रोखून माणूस झटक्यात वर गेला तर छातीतली हवा फुगते. फुप्फुस फाटतं. विश्वजितचे गाल फुगलेले होते. त्यानं श्वास रोखला होता. आयुष्यभर पाण्यात जे केलं तेच तो करत होता.

मी एका हातानं दोरी धरली, एका पायाचा तिला वेढा दिला आणि दुसऱ्या हातानं त्याच्या जाकिटाचा पट्टा पकडला. तो माझ्यापेक्षा दुपटीनं ताकदवान. त्याचं कोपर माझ्या खांद्यावर बसलं. मी सोडलं नाही. त्याला खाली ओढला, माझा मास्क त्याच्या मास्कला टेकवला. दवाखान्यात लहान मुलं तपासणीच्या बंद खोलीत घाबरली की मी अशीच अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन बसायची, म्हणजे त्यांना माझ्याशिवाय दुसरं काही दिसू नये. त्याचे डोळे पाण्याच्या आत उघडे होते. पट्टा धरलेली मूठच मी त्याच्या पोटावर दाबली. त्याच्या तोंडातून बुडबुड्यांचा मोठा लोट निघाला. पुन्हा दाबली. मग तो आपणहून श्वास सोडायला लागला. घ्यायला लागला. त्याचे पाय थांबले.

तसेच, मास्कला मास्क लावून, दोरी धरून आम्ही हळूहळू वर आलो.

पाण्याबाहेर डोकं निघाल्यावर मला उलटीच झाली. रक्त, खारं पाणी, सगळं. मी जाकिटाला लटकून नुसती खोकत होते. निनाद होडीत चढलेला होता, केतकी शिडीवर होती. आम्हाला बघून लीलाधर पोहत आले.

“काय झालां?” घाईत ते त्यांच्या बोलीत विचारून गेले. “मॅडम, बऱ्या आहात ना?”

खोकला थांबेना. मी हात वर केला.

“घाबरली ती खाली,” माझ्या मागून विश्वजितचा आवाज आला. धापा टाकत होता, तरी आवाज स्वच्छ होता. “एकदम पॅनिक झाली. मी घेऊन आलो वर.”

मी वळून बघितलं. त्यानं मास्क गळ्यात ओढला होता. डोळे लालबुंद, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, धक्का बसलाय. काय बोलतोय ते त्याला कळत नाहीये.

होडीत केतकीनं मला टॉवेलात गुंडाळलं. ओठाला रुमाल लावला. “नशीब विश्वजित होता बरोबर,” ती म्हणत होती. त्यानं माझ्याकडे न बघता बाटलीतलं पाणी प्यायलं. मग निनादनं विचारलं, “पण नक्की झालं काय?” आणि तो सांगायला लागला. माझ्या मास्कमध्ये पाणी कसं गेलं. मी नळी कशी टाकली. त्यानं मला कसं धरून ठेवलं, नाहीतर मी सुसाट वर गेले असते.

सगळं बरोबर सांगत होता. फक्त माणसं बदलली होती.

मी ऐकत राहिले. अजूनही वाट बघत होते की मध्येच थांबेल, डोक्याला हात लावेल, म्हणेल, नाही रे, उलटं झालं.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली जेवण मांडलं होतं. दुपारनंतर दुसऱ्यांदा उतरायचं होतं, जरा जास्त खोल. मी निनादच्या कानाची चौकशी केली, लक्षणं विचारली आणि सांगितलं की आज पुन्हा उतरायचं नाही. त्यानं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

लीलाधर आले. “मग असं करू. हेमांगी मॅडम आज नकोत. ओठाला लागलंय, आणि धक्का पण बसलाय. निनादचा कान. तर केतकी मॅडम आणि विश्वजित, तुम्ही दोघं एक जोडी.”

“चालेल,” विश्वजित म्हणाला.

केतकी खुशीत होती. “माझी तर लॉटरीच लागली. चॅम्पियन जोडीदार.”

मी पानावरून उठले. विश्वजितला म्हणाले, “जरा येतोस?”

वाळूवर होड्या ओढून ठेवल्या होत्या, तिथं आम्ही गेलो. ऊन टळटळीत. मी सरळ विचारलं, “तुला काय आठवतंय?”

“कशाबद्दल?”

“खाली काय झालं त्याबद्दल.”

तो वाळूत पायानं रेघ ओढत राहिला. “हेमा, पाण्याखाली कुणाला काय नीट आठवतंय?”

“माझा ओठ कशानं फाटला?”

त्यानं ती रेघ पायानं पुसली.

“मला राग नाही आलेला,” मी म्हणाले. खरंच आला नव्हता. “कुणाचंही झालं असतं तसं. तू मुद्दाम केलं नाहीस. फक्त लीलाधरांना सांग. त्यांना माहीत पाहिजे. केतकीबरोबर उतरणार आहेस तू.”

“काही होत नाही. एकदा झालं म्हणून काय सारखं होतंय?”

“झालं तर? तिला तर तुझ्या निम्मी पण ताकद नाही.”

“तू हळू बोल.” त्यानं मागं वळून झाडाखाली बघितलं. मग आवाज खाली आणला. “हे बघ. मी मुलांना पोहायला शिकवतो. कोल्हापुरात कुणाला कळलं की हा समुद्रात भ्याला, तर काय राहील माझं? माझ्या वडलांना, आबांना काय वाटेल? आणि तुझं काय जातंय त्यात? तू घाबरट आहेस हे सगळ्यांना माहीतच आहे. तुझं काय नवीन जाणार आहे?”

अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. जणू हिशेबानं दोघांच्याही सोयीचं तेच होतं.

होडीत टाक्या बदलल्याचा आवाज येत होता. केतकी उभी राहून जाकीट चढवायला लागली होती, निनाद तिचे पट्टे आवळत होता. मी चालायला लागले.

“हेमा,” मागून तो म्हणाला. “हेमांगी. उगाच तमाशा करू नकोस.”

मी लीलाधरांपुढं जाऊन उभी राहिले. “सर, सकाळी मी घाबरले नव्हते. म्हणजे घाबरले होते, पण नळी मी टाकली नाही. याच्या मास्कमध्ये पाणी गेलं. यानं माझ्या तोंडातली नळी ओढून घेतली. मी पिवळी घेतली आणि याला धरून वर आणला. हे तुम्हाला माहीत असल्याशिवाय केतकीला याच्याबरोबर पाठवू नका.”

केतकी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

लीलाधरांनी विश्वजितला विचारलं, “असं झालं?”

“तिला धक्का बसलाय,” तो म्हणाला. “तिचा दोष नाही. हवा कमी पडली की माणसाला काहीबाही वाटतं.”

“मी तिथं नव्हतो,” लीलाधर म्हणाले. “तुम्हाला दोघांना सोडून वर गेलो, ती माझी चूक झाली. कोण खरं, ते मी ठरवू शकत नाही. पण एका जोडीतली दोन माणसं दोन गोष्टी सांगत असतील तर आज माझ्याकडून कुणीच पाण्यात जाणार नाही.” भावाला त्यांनी हातानं खूण केली. तो टाक्या परत उतरवायला लागला.

केतकीनं जाकीट काढून वाळूत टाकलं. “काय हे हेमांगी? तुला नव्हतं जायचं तर नव्हतं जायचं. आमचं कशाला घालवायचं?”

ती आजही हेच मानते. मधे बरीच वर्षं गेली. तिला मुलगा झाला, आमचं येणंजाणं पुन्हा सुरू झालं. आम्ही सगळ्यावर बोलतो, त्या दुपारवर बोलत नाही.

परतीला गाडीत मी मागं बसले. विश्वजित चालवत होता. निनादनं गाणी लावली, मग बंद केली. घाटाच्या पायथ्याशी, फोंड्याला, चहाला थांबलो. उन्हं उतरली होती. केतकी आणि निनाद टपरीसमोरच्या बाकावर जाऊन बसले. मी गाडीपाशीच राहिले.

विश्वजित माझ्याजवळ आला. मग म्हणाला, “आठवतंय मला. सगळं.”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“तुझ्या तोंडातली नळी मीच ओढली. तू नसतीस तर मी मेलो असतो. कळतंय मला ते.”

माझ्या अंगातला सगळा ताण एकदम सैल झाला. मला त्याला तिथंच मिठी मारावीशी वाटली. पाण्यातलं तर मी केव्हाच सोडून दिलं होतं, वर यायच्या आधीच.

“मग जा,” मी म्हणाले. “त्या दोघांना सांग. एवढंच. कोल्हापुरात कुणाला काही सांगू नकोस, आबांना नको. फक्त त्या दोघांना. मी इथं थांबते.”

त्यानं मान हलवली. डोळे पुसले. बाकाकडे गेला.

टपरीच्या स्टोव्हचा आवाज मोठा होता, मला शब्द ऐकू येत नव्हते. निनादनं त्याच्या हातात चहाचा ग्लास दिला. तो उभ्या उभ्याच बोलायला लागला. एकदा माझ्याकडे बोट केलं. केतकीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मऊ झाला होता, दुपारचा राग नव्हता. मला वाटलं, सांगितलं यानं. सांगितलं. निनादनं त्याच्या पाठीवर थोपटलं.

तो माझ्यासाठी चहा घेऊन परत आला.

“सांगितलंस?”

“हो. म्हटलं, तिला थोडा वेळ द्या. लग्नाचा ताण आहे तिच्यावर, त्यात हे झालं. ती ठीक होईल. केतकी नाही आता चिडलेली.” त्यानं ग्लास पुढं केला. “घे. गरम आहे.”

मी ग्लास घेतला. बॉनेटवर ठेवला. मग मागचं दार उघडून माझी बॅग काढली.

“काय करतीयेस?”

रस्त्याच्या पलीकडे थांब्यावर कणकवलीकडून आलेली कोल्हापूरची एसटी उभी होती. ड्रायव्हर चहा संपवून चढत होता.

“हेमा, लोक बघतायत. हेमा!”

मी रस्ता ओलांडला. मागं केतकीनंही हाक मारली. गाडी सुरू झाली होती, कंडक्टरनं दार ओढता ओढता मला पाहिलं आणि उघडं ठेवलं.

“कोल्हापूर?”

“हो.”

“जागा नाही बघा ताई. घाट चढून राधानगरीपतोर उभं राहायला लागंल.”

“राहते,” मी म्हणाले आणि वर चढले.